पेन्सिलीचं टिंब

“पण ज्याला खात्रीच नाही, त्याने व्रत घ्यावं का, ब्रदर?”

ब्रदर बावतीस पेन्सिलीला टोक करत होते. साल तुटू नये म्हणून ते शार्पनर फार हळू फिरवतात.

“ब्रदर, मी विचारतोय.”

“ऐकतोय मी. बोल.”

ब्रदर क्लेटस खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांच्या हातात खडूचा तुकडा होता. त्याचा भुगा होऊन बोटांतून खाली सांडत होता, आणि ते त्यांना कळत नव्हतं.

शनिवार होता. सकाळची शाळा. साडेअकराची घंटा व्हायला थोडा वेळ होता. आमचा नववीचा वर्ग उद्याच्या मांडवासाठी खुर्च्या लावायला मैदानात गेला होता. व्हरांडा झाडायची पाळी माझी होती, आणि आमच्या वर्गाला दार आहे पण कडी नाही. म्हणून हे मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ब्रदर क्लेटस अखेरची व्रतं घेणार होते. एकदा ती घेतली की जन्मभर ब्रदर.

ब्रदर म्हणजे फादर नव्हे. ब्रदर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा सांगत नाहीत, कुणाची लग्नं लावत नाहीत. स्वतःही लग्न करत नाहीत. आमच्या इथले ब्रदर शिकवतात. हे अजून सगळ्यांना समजलेलं नाही. ब्रदर बावतीस सदतीस वर्षं सांगताहेत, “फादर नाही, ब्रदर.” पाड्यावरचे एक आजोबा दर वेळी मान हलवतात आणि म्हणतात, “समजलं. फादरचे भाऊ.”

“काल विधीच्या तालमीत तुम्ही माझं नाव घेतलंत,” ब्रदर क्लेटस म्हणाले.

“घेतलं.”

“मी ‘हा मी, प्रभू’ म्हणून पुढे यायला हवं होतं.”

“हवं होतं.”

“माझा आवाज आला नाही.”

“मला वाटलं खोकला.”

“सगळ्यांना तसंच वाटलं…” ते थांबले. “खोकला नव्हता.”

शार्पनर थांबला. मग परत फिरू लागला.

“उद्याही आला नाही तर? आई वसईहून टेम्पो भरून माणसं आणतेय. अठ्ठावीस जण. पप्पांनी नवे बूट घेतलेत. ते चावतात म्हणून आठवडाभर घरात घालून फिरताहेत. आणि आई अजून शेजारणींना सांगते, आमचा क्लेटस फादर होतोय. ब्रदर म्हटलं की त्या विचारतात, मग मिस्सा कधी सांगणार?”

“तू काय सांगतोस?”

“काय सांगणार? मी बेरजा सांगतो.”

ब्रदर बावतीस हसले. ब्रदर क्लेटस हसले नाहीत.

दाराशी एक निळी बॅग होती. ती शाळेची नव्हती. मी झाडू तिच्याभोवतून नेला.

“साडेबाराला एसटी आहे,” ब्रदर क्लेटस हळू म्हणाले.

“आहे. पाथरपाड्याच्या फाट्यावरून जाते ती.”

ब्रदर क्लेटस यांनी चमकून वर पाहिलं.

पाथरपाड्याचं नाव निघालं की आमच्या वर्गात सगळेच गप्प होतात. जयवंती भोये तिथली. ती माझ्या बाकावर बसायची.

इथे हजेरीच्या कॅटलॉगबद्दल सांगायला हवं.

हजेरी घेताना जो नसतो त्याच्यापुढे इतर शिक्षक ‘गै’ लिहितात. ब्रदर बावतीस लिहीत नाहीत. ते पेन्सिलीने एक टिंब देतात. पाड्यांवरची मुलं डोंगर उतरून चालत येतात, कधी दहाला पोचतात, कधी बाराला. उशीर का झाला, हे ब्रदर कधीच विचारत नाहीत. विचारतात, “पाणी प्यायलीस का?” नसेल तर आधी बाहेर माठाकडे पाठवतात. मग टिंबावर ‘ह’ करतात. शाळा सुटल्याची घंटा झाली आणि टिंब टिंबच राहिलं, तरच पेनाने ‘गै’.

ब्रदर क्लेटस यांचा कॅटलॉग मात्र बघत राहावा असा असतो. निळी शाई, लाल शाई, सुट्टीला हिरवी. खाडाखोड नाही. गणितातही ते तसेच आहेत. उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारतात.

फेब्रुवारीत एके दिवशी हजेरी घेऊन झाल्यावर ब्रदर बावतीस तापाने पडले, तेव्हा आमचा वर्ग ब्रदर क्लेटस यांच्याकडे आला. कॅटलॉग उघडून ते म्हणाले, “म्हाताऱ्यांचं विसरणं वाढलंय.” आणि त्या दिवशीच्या टिंबांवर त्यांनी लाल पेनाने ‘गै’ केलं. सकाळी साडेअकराला.

सव्वाबाराला जयवंती आली. केसांना धूळ, पायांना धूळ. कॅटलॉग ऑफिसात नेऊन ठेवायचं काम तिचं होतं. तो उघडाच होता. तिने तो उचलला आणि पाहिला.

“सर, मी आलेय.”

“किती वाजले?”

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. “मी आलेय,” ती परत म्हणाली.

“उशीर म्हणजे गैरहजर. शाई खोडत नसतो आपण.”

तिने कॅटलॉग टेबलावर ठेवला. नीट, कडेला कड लावून. आणि सात किलोमीटर परत गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

“आज तेवीस दिवस झाले,” ब्रदर क्लेटस म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “मी मोजतोय.”

“मीही.”

“तुम्ही तिच्यापुढे रोज टिंब देता. मी पाहिलंय.”

“देतो.”

“आणि रोज घंटेला त्याचं ‘गै’ करता.”

“करतो. ती नसते ना.”

“मग सकाळी टिंब कशाला?”

“सकाळी ती गैरहजर नसते.”

“मग काय हजर असते?”

“नाही.”

“मग?”

ब्रदर बावतीस यांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. “मग टिंब.”

ब्रदर क्लेटस एकदम आमच्या बाकावर बसले. बाक त्यांना लहान होता, गुडघे वर आले. ते नववीतल्या कुणासारखे दिसत होते.

“मला उत्तर द्या, ब्रदर. टिंबं नकोत. एका मुलीला मला वर्गात ठेवता आलं नाही. ती दारातून जाताना मी फळ्यावर समीकरण पुरं केलं. दोन रेघा मारल्या. आणि उद्या जन्मभराचं वचन द्यायचं? कशाच्या जोरावर?”

“तिच्याकडे गेलास?”

“जाऊन काय सांगू?”

“मला कुठे माहीत?”

“तुम्ही तरी जायचंत!”

“मी गेलो होतो. दोनदा.”

ब्रदर क्लेटस यांचा हात बाकावर थांबला.

“…काय म्हणाली?”

“म्हणाली, ब्रदर, तुम्ही पाणी प्या.”

बाहेर मैदानात कुणीतरी खुर्ची पाडली आणि सगळे हसले.

मग घंटा झाली.

ब्रदर बावतीस यांनी खिशातून पेन काढलं. जयवंतीच्या नावापुढच्या टिंबावर ‘गै’ लिहिलं. घाई केली नाही, अक्षरही वाकडं आलं नाही. कॅटलॉग मिटला.

“म्हणजे तुम्हालाही शेवटी लिहावंच लागतं,” ब्रदर क्लेटस म्हणाले. ते जिंकल्यासारखं म्हणायला गेले, पण तसं झालं नाही.

“लागतं.”

“तर मग माझ्या नावापुढे आजच लिहून टाका. मी जातोय.”

ब्रदर बावतीस यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. उद्या देवळात वाचायचा तो. त्यावर व्रत घेणाऱ्यांची तीन नावं होती. त्यांनी तो सरळ केला, चष्मा वर ढकलला, आणि नवं टोक काढलेल्या पेन्सिलीने मधल्या नावापुढे टिंब दिलं.

ब्रदर क्लेटस उभे राहून पाहत होते. त्यांच्या ओठांवर घाम होता.

“तुम्हाला वाटतं मी परत येईन?”

“नाही.”

“येणार नाही असं वाटतं?”

“नाही.”

“मग मी करू काय?”

“आधी निघ. गाडी चुकेल.”

ते बॅग उचलून माझ्या शेजारून गेले. मी भिंतीला चिकटले. त्यांनी मला पाहिलं नाही.

रविवारी देऊळ भरलं होतं. टेम्पो नऊलाच आला होता. क्लेटस यांच्या आई पहिल्या बाकावर होत्या, मोतिया रंगाच्या साडीत. त्या दर थोड्या वेळाने शेजारणीला सांगत होत्या, “आत तयार होत असेल.” पप्पांच्या बुटांचा करकर आवाज होत होता, म्हणून ते पाय हलवत नव्हते.

प्रांताचे प्रमुख ब्रदर मुंबईहून आले होते. ते वेदीजवळ खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी ब्रदर बावतीस कागद घेऊन उभे होते.

“ब्रदर इनास.”

“हा मी, प्रभू.”

“ब्रदर क्लेटस.”

कुणी बोललं नाही.

मी गाणाऱ्या मुलींत उभी होते, तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते. आईंनी मान वळवली. मग पप्पांनी. मग एकेका बाकाने.

ब्रदर बावतीस कागदाकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी पुढचं नाव घेतलं.

“ब्रदर जोकीम.”

“हा मी, प्रभू.”

दोघं पुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या मध्ये तालमीत ठरलेली जागा तशीच सुटली होती.

प्रमुख ब्रदर हळूच म्हणाले, “पुढे चला, ब्रदर.”

“थोडं थांबू या.”

“किती?”

“अजून शाळा सुटलेली नाही.”

प्रमुख ब्रदरांना ते कळलं नाही. आम्हा मुलींना कळलं, आणि आमच्यातली एक फिसकन हसली. गाणं बसवणाऱ्या सिस्टरांनी तिला डोळ्यांनी दटावलं आणि आम्हाला गाणं सुरू करायची खूण केली. आम्ही पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं आम्हाला पाठ नव्हतं, म्हणून पहिलं परत म्हटलं. आईंच्या हातातली रोझरी एकाच मण्यावर थांबली होती. पप्पा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती सुटलेली नव्हती.

गाणं संपलं. प्रमुख ब्रदर खुर्चीतून उठले.

ब्रदर बावतीस यांच्या खिशाला पेन होतं. त्यांनी हात खिशाकडे नेला, आणि मला कालची घंटा ऐकू आल्यासारखं झालं.

“हजर!”

इतक्या मोठ्याने, की देवळातली कबुतरं उडाली.

ब्रदर क्लेटस मागच्या दारात उभे होते. कालचाच शर्ट, बाहीला कुसळं, घोट्यांपर्यंत लाल माती. पाथरपाड्याहून रविवारी सकाळी गाडी नसते. बॅग त्यांच्याकडे नव्हती. ती त्यांच्या मागे पायरीवर उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर होती. तिची मान ताठ होती. जयवंती होती ती.

लोक हसले. कुणाच्या तरी लक्षात आलं की ‘हा मी, प्रभू’ म्हणायचं होतं, आणि मग आणखी हसले. क्लेटस यांना काय चुकलं ते उशिरा कळलं. त्यांचे कान लाल झाले. तोंड उघडलं, पण दुसरा शब्द काही येईना. ते तसेच मधून चालत आले, आईंच्या शेजारून, पप्पांच्या शेजारून, फरशीवर लाल पावलं उमटवत. रिकाम्या जागी येऊन उभे राहिले.

“ब्रदर, मी अजूनही…” ते हळू म्हणाले. “मला अजूनही खात्री…”

ब्रदर बावतीस यांनी खिशातलं पेन काढलं नव्हतं. हात कानाकडे गेला होता. तिथे पेन्सिल होती.

जयवंतीने बॅग पायरीवर ठेवली. ती आत आली नाही. बाहेरच्या बाहेर शेजारच्या शाळेच्या व्हरांड्याकडे वळली. थोड्या वेळाने माठाचं झाकण वाजलं, आणि मग पेल्याचा आवाज आला.

ब्रदर बावतीस यांनी ते ऐकलं. मग कागदावर वाकून टिंबावर काहीतरी, ‘ह’च असणार, लिहिलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“ती प्यायली वाटतं,” ते म्हणाले. “तू पाणी प्यायलास का?”