न विचारलेल्या तलवारी

एका राज्यात तलवारी बोलत असत, आणि खोटं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. परराज्याला विकलेली प्रत्येक तलवार वेशीवर थांबे. शस्त्रपाल रुद्रदत्त तिला तीन प्रश्न विचारी: कोणाच्या हाती जातेस? कोणाच्या आज्ञेनं? कोणावर? उत्तर पटलं तर वेस उघडे, नाहीतर तलवार परत भट्टीत.

पुढे शेजारच्या सोमवर्मा राजाशी मैत्री जुळली. रुद्रदत्ताची एकुलती लेक केतकी त्या राजाच्या सेनापतीच्या घरी दिली. तेव्हा इथला राजा विजयकेतू म्हणाला, "सोयऱ्याला प्रश्न विचारू नयेत. आहेर झाकूनच जातो." आहेर म्हणे! मोल मात्र चोख घेतलं. रुद्रदत्तालाही ते बरंच वाटलं. लेकीच्या सासरशी वाकडं कोण घेणार? तलवारींच्या दोन खेपा रेशमाखाली झाकून, न विचारता गेल्या.

मग राज्यातलं सगळं लोखंड रक्त गाळू लागलं. विळा लावावा तर कणसं लाल, पोहरा ओढावा तर पाणी लाल. तहानेनं लेकरं मरू लागली.

तिसरी खेप वेशीवर उभी असताना केतकीच्या सासरहून एक पोपट उडत येऊन बसला. म्हणाला, "सोमवर्मा तुमच्या तलवारींनी आपल्याच विणकरांना कापतो आहे. तुझ्या केतकीनं त्यांना घरात घेतलंय. मी निघालो तेव्हा ती जिवंत होती. ही खेप अडव. गेलेल्या तलवारी परत बोलाव. त्या सांगतील ती सगळी नावं कान न झाकता ऐक. मगच लोखंडाचा हा शाप सुटेल."

रुद्रदत्तानं रेशीम ओढून फेकलं आणि वेशीला अडसर घातला. राजा धावत आला.

"सोयरा रुसेल, रुद्रदत्ता!"

"रुसू दे, महाराज. माझी पोर जगू दे."

त्यानं सीमेवरच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारली. विकलेल्या तलवारी आकाशातून आल्या आणि त्याच्यापुढे मातीत रोवल्या गेल्या. पहिलीला त्यानं विचारलं, "कोणावर?"

"केतकीवर. दारात आडवी उभी होती."

 रुद्रदत्ताचे हात कानांकडे गेले. राजा म्हणाला, "पुरे कर. बाकीच्या राहू देत."

रुद्रदत्तानं हात खाली घेतले. "नाही महाराज. बाकीची मेलेलीही कोणाची तरी लेकरंच. हं, पुढची बोल."

नावं सांजेपर्यंत चालली. शेवटचं उच्चारलं गेलं आणि पोहऱ्यात निवळ पाणी आलं. राजानं तिथंच आज्ञा दिली, की यापुढे सख्ख्या भावाला विकलेली तलवारसुद्धा विचारल्यावाचून जायची नाही. लोक रडत रडत पाणी प्यायले.

रुद्रदत्तापुढे कुणी घागर ठेवली. त्यानं केतकीच्या नावानं ओंजळ सोडली. मग दुसऱ्या नावानं सोडली, मग तिसऱ्या. ऐकलेलं एकही नाव तो विसरला नव्हता.