नव्या कावडीचा हार

फार पूर्वीची गोष्ट. घाटात वाट पडली होती, पण त्या घाटाला अजून नाव पडले नव्हते, इतकी पूर्वीची.

घाटाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. एका बाईचा मुलगा बैलावर मिठाच्या गोण्या लादून त्या वाटेने निघाला, माथ्यावर दमून बसला आणि पुन्हा उठला नाही. बाई माथ्यावर आली. तिने तिथल्या जांभळीखाली झोपडी बांधली, तीन रांजण पुरले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायला बसली.

विहीर होती पायथ्याच्या गावात. गावातली चार घरे वार लावून पाण्याची कावड आणत. ज्याचा वार, तो स्वतः घाट चढे, रांजणात पाणी ओती आणि घटकाभर सावलीत टेके. मग बाई सांगे, "तुमचं मागच्या खेपेचं पाणी एका बाळंतिणीनं प्यालं. सासरी निघाली होती. बाळ तिच्यावरच गेलंय."

एवढेच. ऐकणारा घाम पुसत उतरे आणि पुढच्या वाराला पुन्हा येई.

पुढे वाट वाहती झाली. चार कावडी पुरेनात. गावात एक गोडबोल्या गृहस्थ होता, त्याला सगळे कारभारी म्हणत. बाईने त्याला सांगितले, "आणखी काही घरं बघ बाबा."

माणूस वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती.

"मावशी, लोक द्यायला तयार असतात," तो म्हणाला, "पण चढ बघूनच पाय मागे घेतात. कावड त्यांनी चावडीवर आणून द्यावी, वर न्यायला मी गडी ठेवतो. आणि माणसाला मान लागतो हो, मान!"

त्याने रीत पाडली. नवे घर कावड घेऊन आले की कावडीला कुंकू, देणाऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार, पुढे हलगी, आणि चावडीवर नावाचा पुकारा.

"आणि जुन्यांचं काय?" बाईने विचारले.

"ते कुठं जाताहेत? ते तर आपलेच."

पंधरा दिवस रांजण काठोकाठ भरले. मग नव्या घरांपैकी एका गुळाच्या व्यापाऱ्याचा दुसरा वार आला. तो कावड घेऊन चावडीवर आला, इकडेतिकडे बघत उभा राहिला आणि हलगीवाल्याला म्हणाला,

"काय रे, मागच्या वेळी वाजवत होतास. आज हात दुखतोय का?"

"शेट, हलगी नव्यांसाठी असते."

"म्हणजे आठ दिवसांत मी जुना झालो?"

पुढच्या वाराला त्याची कावड आली नाही. का आली नाही, हे विचारायला कुणी गेले नाही. कारभारी तेव्हा शेजारच्या गावात नवी घरे शोधत होता. तिथली आटली तेव्हा तो त्याच्या पुढच्या गावात गेला. मूळच्या चार घरांपैकी तीन घरे ओट्यावर बसून मिरवणुका बघत राहिली. त्यांना कुणी बोलावले नाही, आणि मग त्यांनीही कावड खुंटीला टांगली.

उरली एक कुंभारीण. कारभाऱ्याचे गडी कावड न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "माझी कावड मी नेणार. तुमच्या हाती दिलेलं पाणी पुढं कुठं जातं, मला काय ठाऊक?" दर मंगळवारी ती एकटी घाट चढायची.

थोड्या दिवसांनी गुळाचा व्यापारी परत आला. साडूच्या नावाने! कारभाऱ्याने त्याला ओळखले. न ओळखायला काय झाले? पण नवे नाव होते आणि हार तयार होता. त्याने हलगी वाजवायला लावली.

झाले. साऱ्या गावाला युक्ती कळली. चार दिवस गायब व्हायचे आणि मेव्हण्याच्या, जावयाच्या, नाहीतर वारलेल्या आजोबांच्या नावाने पुन्हा नवे व्हायचे. एकाने तर म्हशीच्या नावाने कावड दिली. म्हशीलाही हार मिळाला. आता यावर काय बोलावे? गावातला झेंडू संपला, हलगीचे कातडे सैल पडले, रांजणातले पाणी मात्र रोज थोडे आणखी खाली जात होते.

बाईने कुंभारणीच्या हाती निरोप धाडला, "हार पुरे झाले. पाणी पाठव."

"मावशींना सांग, या महिन्यात एकवीस नवी घरं जोडली!" कारभारी म्हणाला.

"आणि तुटली किती?"

"तुटायची कशाला? येतील की परत."

"येतील. हार घालून घ्यायला," कुंभारीण म्हणाली आणि निघाली.

वैशाखातल्या एका दुपारी माथ्यावर एक वाटसरू आला. सोबत मिठाने लादलेला बैल. तिन्ही रांजण कोरडे होते. बाईने स्वतःसाठी ठेवलेला तांब्या त्याला दिला, तो दोन घोटांत संपला. वाटसरू खाली बसला, शेजारी बैलही बसला. तिचा मुलगा बसला होता तिथेच तो बसला, हे बाईने पाहिले, आणि ती घाट उतरत धावत सुटली.

पायथ्याच्या वळणावर चावडीकडे निघालेली मिरवणूक उभी होती. गुळाचा व्यापारी चौथ्यांदा नवा झाला होता, या वेळी आजोबांच्या नावाने. हलगीच्या ठेक्यावर कावड नाचत होती आणि पाणी वाटेवर सांडत होते.

"या मावशी, या!" कारभारी ओरडला. "तुमच्याच हातून हार घालू."

"कावड उचला."

"अहो, पण अजून नावाचा पुकारा—"

"वर माणूस बसलाय. कावड उचला."

हलगी थांबली. बाई व्यापाऱ्याकडे वळली. "शेट, तुम्ही उचला. तुमची कावड आहे ना?"

व्यापारी जन्मात घाट चढला नव्हता. धापा टाकत, गळ्यातला हार सावरत तो चढला. कारभारी मागून कावडीला हात देत आला. वर पोचल्यावर व्यापाऱ्याने ओंजळ भरली आणि वाटसरूच्या तोंडाशी धरली. पहिले पाणी हनुवटीवरून ओघळून गेले. दुसऱ्या ओंजळीला गळा हलला. व्यापारी त्या गळ्याकडे बघत राहिला.

बऱ्याच वेळाने माणसाने डोळे उघडले. बैल मात्र उठला नाही.

"कुणाचं पाणी हे?" वाटसरूने विचारले.

सवयीने कारभाऱ्याने आजोबांचे नाव पुकारायला तोंड उघडले. व्यापाऱ्याने त्याला हाताने थांबवले आणि हळू आवाजात स्वतःचे नाव सांगितले.

पुढच्या वाराला तो एकटाच घाट चढून आला. रांजणात पाणी ओतून सावलीला टेकला. बाई म्हणाली, "तो माणूस परवा याच वाटेने परत गेला. तुमची चौकशी करत होता."

व्यापाऱ्याने रिकामी कावड खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "पुढचा वार माझाच आहे ना? दुसऱ्या कुणाला देऊ नका."

हलगी आता जांभळीच्या फांदीला टांगलेली असते. कारभारी अजूनही नवी घरे शोधतो, पण पहिल्याच दिवशी त्यांना घाट चढायला लावतो. त्या तीन जुन्या घरांकडे तो हात जोडून गेला. दोन घरे परत आली. तिसऱ्याने दार उघडले नाही. बाईने सांगितले आहे, जात राहा. तो जात असतो.

तात्पर्य : नवा देणारा हाराने येईलही, पण आपले पाणी कुणाच्या ओठी लागले हे त्याला दिसले, तरच तो टिकतो.