डंपरची सावली

परत सांगू? किती वेळा तेच ते उगाळायचं? ज्यांनी तिथं येऊन बघायला पाहिजे होतं ते आले नाहीत, ऐकायला मात्र गाव गोळा. बसा आता. मधे कुणी तोंड घालायचं नाही.

“...मग चूक कुणाची, तेवढं तरी सांगाल का तात्या?” वाळिंबे इंजिनिअरनं विचारलं.

तांबडवाडीच्या खडीच्या खाणीत भर दुपारच्या उन्हात उभा होता तो. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. डंपरच्या मागल्या अंगाला डबीएवढं रडार असतं, ते यानंच बसवलेलं. मागं माणूस आला की केबिनमध्ये भोंगा वाजायचा. चार दिवसांमागं तो वाजला नाही, आणि खाणीतला मजूर पोरगा दुर्गाप्पा चाकाखाली गेला.

आज रिपोर्ट लिहायचा होता. ‘यंत्र ठीक’ अशी वाळिंबेची सही पडली की उद्यापासून आठही डंपर चालू.

यल्लाप्पा तात्या दगडावर बसून तंबाखू मळत होता. एकोणीस वर्षं डंपरच्या मागं उभं राहून शिट्टी मारलेला माणूस. रडार आलं त्या दिवशी ती शिट्टी त्याच्या गळ्यातून काढून घेतली. आणि दुर्गाप्पा गेला त्या दिवशी मॅनेजर शिरसाट सगळ्यांदेखत म्हणाला, “म्हाताऱ्यानं लक्ष ठेवलं असतं तर पोरगा वाचला असता.”

तात्यानं तंबाखू गालात धरली.

“यंत्र ठीक आहे?”

“शंभर टक्के. तीनदा तपासलं मी.”

“मग बोललं का नाही?”

“सेटिंग तसं आहे. आधी ते पाच मीटरातलं सगळंच धरायचं. ढीग, धोंडे, खांब. दिवसभर भोंगा! ड्रायव्हरांनी त्याच्यावर फडकी बांधली. मग मी न हलणाऱ्या वस्तू वगळल्या. आता हलेल त्यालाच धरतं.”

“झ्याक केलंस.”

वाळिंबेला बरं वाटलं. म्हातारा वाटला होता तेवढा अडाणी नव्हता.

“आणि दुर्गाप्पा का हलला नाही रे?”

“ते... मला काय माहीत?”

तात्या उठला. खाणीत झाड नाही, झुडूप नाही. दुपारची सावली पडते ती एकट्या डंपरची. भाकरी खाल्ली की माणसं तिथंच पाठ टेकतात. हे वाळिंबेला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

तात्यानं पागोटं काढून उशाला घेतलं, आणि डंपरच्या मागं सावलीत आडवा झाला.

“गफूर, घे मागं. मुंगीच्या चालीनं.”

केबिनमध्ये गफूर ड्रायव्हर पांढराफटक पडला. त्या दिवशीही तोच बसला होता तिथं. “तात्या, पाया पडतो... माझ्याच्यानं आता व्हायचं नाही.”

“भोंगा वाजला की थांब. साहेब म्हणतात, शंभर टक्के.”

गफूरनं वाळिंबेकडं बघितलं. वाळिंबेनं लॅपटॉपकडं.

डंपर गुरगुरला.

“तात्या, तमाशा पुरे! निदान हात तरी हलवा!”

“दमून निजलेला माणूस हात हलवतो का?”

तात्यानं डोळे मिटले.

चाक सरकलं. भोंगा गप्प. पडद्यावर हिरवा दिवा, रस्ता मोकळा.

दोन हात उरले... दीड...

“थांब! गफूर, थांब! ब्रेक मार!”

वाळिंबे असा ओरडला, की लॅपटॉप हातातून सुटून खडीत आपटला.

चाक थांबलं. टायरच्या खाचेतला एक खडा निसटला आणि तात्याच्या पोटावर पडला.



“यंत्र ओरडलं का रे?” तात्यानं पडल्या पडल्याच विचारलं.

“नाही...”

“मग कोण ओरडलं?”

“मी.”

“पण मी तर हललो नव्हतो.”

वाळिंबे खाली बसला, फतकल मारून, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. वर केबिनमध्ये गफूर स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसत होता. दुर्गाप्पा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला.

“तात्या, मला माफ करा.”

“तुझी माफी पोचली. दुर्गाप्पाच्या आईलाही सांगून ये.”

“येतो... आणि रिपोर्टात काय लिहू? कुठलं सेटिंग बदलू?”

तात्यानं पागोटं झटकलं. धूळ उडाली. ती बसेपर्यंत तो थांबला.

“लिही, शिट्टी शिरसाट मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यानं मागायची राहिलेली माफीपण तिथंच सापडेल.”