सात खडे आणि दोन वाट्या

आपल्या आजोबांच्या आजोबांनाही नीट आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका रुंद नदीच्या काठावर एक गाव होतं. गाव तसं खाऊनपिऊन सुखी, पण दोन पक्षांत उभं चिरलेलं. एक पक्ष बांधवाल्यांचा, दुसरा नाववाल्यांचा. बांधवाले म्हणत, जो नदीला आवर घालेल तो खरा कारभारी. नाववाले म्हणत, जो नदीपलीकडे नेईल तो खरा कारभारी.

दर पाच वर्षांनी गाव आपला कारभारी निवडत असे. चावडीवर एक रांजण ठेवायचा आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने त्यात एक खडा टाकायचा. गेरूने रंगवलेला लाल खडा बांधवाल्यांचा, चुन्याने रंगवलेला पांढरा खडा नाववाल्यांचा. खडे घरूनच रंगवून आणायचे, आणि सगळ्या घराचे खडे रंगवायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचा. त्यामुळे अख्खं घर एकाच रंगाचं असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

या गावात एक आबा राहत. पक्के बांधवाले! घरात आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि एक नात. नातीला यंदा अठरावं लागलं होतं, म्हणजे तिचाही खडा पडणार होता. आबांचे पाय जमिनीवर ठरेनात. चावडीवर बसून ते ज्याला त्याला सांगत सुटले, “यंदा आमच्या घरचे सात खडे. सातही लाल, लिहून ठेवा!”

निवडीच्या दिवशी सकाळी आबा ओसरीवर गेरूची वाटी घेऊन बसले. सहा खडे रंगवून झाले. सातवा हातात घेतला, तोच नात समोर येऊन उभी राहिली.

“आबा, माझा खडा कोराच द्या.”

“कोरा खडा मोजत नाहीत, पोरी.”

“मी रंगवीन ना. चुन्याने.”

आत आजीचं जातं चालू होतं, ते थांबलं.

आबांनी कसाबसा राग गिळला. “हे बघ, मी तुझ्याएवढा होतो तेव्हा नदी या ओसरीपर्यंत आली होती. आपली तीन गुरं माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेली. मग बांध कुणी घातला? बांधवाल्यांनी. मी स्वतः डोक्यावरून दगड वाहिलेत. तो बांध उभा आहे म्हणून तू या घरात सुखाने झोपतेस.”

“खरं आहे, आबा. पण मी पूर कधी पाहिलाच नाही. गेल्या साली आजी तापाने फणफणली होती, ते मी पाहिलं. वैद्यांचं घर इथून दिसतं, समोरच्या काठावर. पण नाव नाही. गाडी जुंपून लांबच्या पुलावरून वळसा घेत जायला दोन दिवस लागले. वाटभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही पाहिलं ते तुमचं, आबा. मी पाहिलं ते माझं.”

“माझ्या घरात पांढरा खडा चालायचा नाही!” आबा कडाडले आणि त्यांनी सातवा खडा गेरूत बुडवला.

नातीचे डोळे भरून आले, पण आवाज काही कापला नाही. “मग तो तुम्हीच टाका. मी चावडीवर येणार नाही,” असं म्हणून ती आत निघून गेली.

आबा खडा हातात धरून बसून राहिले. बोटांवरून गेरू ओघळत होता. ‘तुम्ही पाहिलं ते तुमचं, मी पाहिलं ते माझं.’ हे बोल त्यांच्या ओळखीचे होते. याच ओसरीवर, अगदी असेच, ते स्वतः आपल्या वडिलांना बोलले होते.

वडील नाववाले होते. त्यांच्या तरुणपणी मोठा दुष्काळ पडला होता आणि पलीकडून नावांनी धान्य आणलं म्हणून गाव जगलं होतं. वडिलांनी रंगवून दिलेला पांढरा खडा आबांनी घाटावर धुतला आणि त्याला गेरू फासला. त्यावरून वडील तीन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. बोलले ते शेवटच्या आजारपणात, तेही पाणी मागण्यापुरतं.

तेव्हा आबांना वडिलांचा फार संताप आला होता. आज पहिल्यांदाच वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी दुष्काळ पाहिला होता, एवढंच. आणि आपली नातही आपल्याशी असाच अबोला धरून बसली तर? या विचाराने आबा चांगलेच घाबरले.

ते उठले. सातवा खडा त्यांनी घंगाळातल्या पाण्यात धुतला. मग काय वाटलं कोण जाणे, बाकीचे सहाही धुऊन काढले. ओसरीवर गेरूची वाटी ठेवली, शेजारी चुन्याची ठेवली आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

“ज्याचा त्याने रंगवा. मी भिंतीकडे तोंड करून बसतो.”

बसले खरे, पण जिवावर आलं होतं. मागे वाट्यांचा आवाज होई, बांगड्या वाजत, आणि आबांना मान वळवून बघायची अनावर इच्छा होई. त्यांनी वळवली मात्र नाही.

दुपारी रांजण उपडा केला. नाववाले तीन खड्यांनी जिंकले. हार आबांना झोंबली. त्यात कुणीतरी चिडवलंच, “काय आबा, सातही लाल ना?”

“माझा लाल आहे,” आबा म्हणाले. “बाकीच्यांचं त्यांना विचारा.”

घरी सगळे जेवायला बसले. नातीने ताट वाढून हळूच विचारलं, “आबा, रागावलात माझ्यावर?”

“हरलो म्हणून वाईट वाटतंय गं. तुझ्यावर राग नाही. पण तीनच खड्यांनी हरलो! तू गेलीस तिकडे, ते ठाऊक आहे. घरातून आणखी कुणी गेलं का?”

मुलगे आणि सुना ताटात बघू लागले. आजी भाकरी वाढत होती. भाकरी हवी का, असं विचारावं तितक्या सहज ती म्हणाली, “मी गेले.”

“तू? अगं, चाळीस वर्षं तू लाल खडा टाकत आलीस!”

“तुम्ही रंगवून देत होतात, मी टाकत होते. सोळा वर्षांची असताना मी नावेत बसून या गावात आले. ती नाव कुजून गेली, पुन्हा कुणी बांधली नाही. माझं माहेर रोज समोर दिसतं, आणि जायचं म्हटलं तर दोन दिवसांचा वळसा. कुठला रंग हवा, हे तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत.”

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, “चुकलंच माझं.”

नव्या कारभाऱ्याने चार महिन्यांत नाव बांधून घेतली. पहिल्याच दिवशी आजी माहेरी निघाली. नातीने तिला हात देऊन नावेत चढवलं, आणि शेजारी आबा जाऊन बसले. आपण बांधवालेच आहोत आणि मरेपर्यंत बांधवालेच राहणार, हे त्यांनी नावाड्याला आधी दोनदा बजावलं. नाव निघाली. आजी समोरच्या काठाकडे बघत होती, आणि आबा आजीकडे.

तात्पर्य: ज्याने तरुणपणी जे सोसलं, त्यावरून त्याचा पक्ष ठरतो, म्हणून घरातल्या कुणाचा खडा आपण रंगवू नये, त्याने काय पाहिलं ते आधी विचारावं.