बत्तीस अक्षरांचं महाद्वार

“सटवाजी, काठी खाली ठेव! आजपासून महाद्वार त्याला जोडलेला हा राउटर उघडेल आणि हाच बंद करेल. चोपदार हवाय कुणाला?” भैरोजीराव महाराजांनी भर दरबारात जाहीर केलं.

सटवाजी चोपदाराने नाइलाजाने काठी खाली ठेवली. महाराज आले की दारात त्यांची बिरुदावली ठणकावायची, याशिवाय त्याला काही येत नव्हतं. देव अक्कल वाटत होता तेव्हा आपण दार धरून इतरांना आत सोडत होतो, असं तो स्वतःच सांगायचा.

“पण महाराज, यंत्राला कुणी फसवलं तर?”

“तूच फसवून दाखव!” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “दुपारच्या तोफेआधी पासवर्डाशिवाय दार उघडलंस, तर काठी तुझी. नाहीतर गावी जाऊन म्हशी राख!”

म्हशी! सटवाजीचं तर घरची कोंबडीही ऐकत नसे.

त्याने राउटर पुढूनमागून न्याहाळला. दिवे लुकलुकत होते, त्यापलीकडे ओ की ठो कळेना. शेवटी त्याने तो बसवणाऱ्या यंत्रपंडित त्र्यंबकपंतांनाच गाठलं. “पंत, मी अडाणी माणूस. हे आतून चालतं तरी कसं?”

पंतांना निमित्तच हवं होतं. “हे बघ, येणाऱ्याने मोबाइलवर आधी नाव लिहायचं, मग पासवर्ड. नावासाठी आत बत्तीस अक्षरांचा कप्पा आहे. त्याला लागून हुकमांचा कप्पा. तिथे जे लिहिलेलं असेल, ते यंत्र मुकाट्याने पाळतं.”

“आणि तेहतिसावं अक्षर आलं तर?”

“एवढं लांब नाव असतं कुणाचं?” पंत हसले.

सटवाजीने सिंहासनाकडे पाहिलं. मग पंतांचा मोबाइल मागून घेतला आणि नावाच्या जागी महाराजांची बिरुदावली लिहायला बसला. सगळी बिरुदं झाली, तशी रिवाजाप्रमाणे शेवटची आरोळीही लिहिली, ‘दार उघडा!’

राउटरचे सगळे दिवे विझले. दरबार खो खो हसला. पंतांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

“शाब्बास रे गाढवा!” सटवाजी स्वतःलाच म्हणाला. मग त्याने डोकं खाजवलं. नाव कप्प्याबाहेर सांडलं खरं, पण हुकमांचा कप्पाही ओलांडून गेलं. म्हणजे एखादं बिरुद गाळायला हवं. त्याने एक गाळलं आणि पुन्हा सगळं लिहिलं.

करर्र! महाद्वार सताड उघडलं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही!

“अरे, हे झालं कसं?” पंतांचा चेहरा पडला.

“पंत, तुमच्या कप्प्यात महाराज मावले नाहीत! उरलेले शेजारी सांडले. शेवटचं ‘दार उघडा’ नेमकं हुकमांच्या कप्प्यात जाऊन बसलं, आणि यंत्राने ते पाळलं.”

“मग पहिल्यांदा का नाही उघडलं?” महाराजांनी विचारलं.

“एक बिरुद जास्तीचं होतं, महाराज.”

“कोणतं?”

सटवाजी दोन पावलं मागे सरकला. “अश्वविद्यानिपुण.”

दरबाऱ्यांनी पटकन माना खाली घातल्या. गेल्याच दसऱ्याला घोडीने महाराजांना साऱ्या गावासमोर चिखलात लोळवलं होतं. महाराजांची मिशी थरथरली, गाल फुगले, आणि ते पोट धरून हसत सुटले.

“यंत्रालासुद्धा पटलं नाही म्हणायचं! घे तुझी काठी, हे सोन्याचं कडं घे. आणि ती घोडीही तुलाच दिली!”

सटवाजीने मुजरा केला. घोड्यावर बसायला त्याला तरी कुठे येत होतं? लगाम धरून तो पायीच घरी गेला.