शास्त्रीबुवांचा विद्यार्थी

मिशनच्या कॉलेजात तयार झालेल्या शमुवेल साळवे मास्तरांनी गावात शाळा काढली आणि तात्यासाहेब इनामदारांचं डोकं फिरलं. नातवाच्या मुंजीला सगळा गाव वाड्यापुढे जमला होता, जेवणाची पानं मांडून झाली होती. तात्यासाहेबांनी मास्तरांना तिथेच बोलावून घेतलं आणि अंगणाबाहेर उभं केलं.

"अरे मास्तर, ज्याच्याकडून विद्या घ्यावी त्याची जात आणि धर्म अंगात भिनतो. तुझ्यापुढे बसून आमची पोरं बाटतील. उद्यापासून शाळा बंद."

पंगतीतल्या माना डोलल्या. मास्तरांनी पागोटं सारखं केलं आणि शांतपणे विचारलं, "हा नियम सगळ्यांना लागू ना, सरकार?"

"सगळ्यांना. शास्त्रच आहे ते."

"मग बरं झालं. कॉलेजात आम्हाला मराठी आणि संस्कृत शिकवायला मिशननं एक वैदिक ब्राह्मण ठेवले होते, विसाजीशास्त्री. तीन वर्षं मी त्यांच्यापुढे बसलो. म्हणजे मी केव्हाच ब्राह्मण झालो. माझं पान आपल्या शेजारी मांडायला सांगा, भूकही लागली आहे."

वाढपी भाताचं पातेलं घेऊन जागीच थबकला. तात्यासाहेब पाटावरून अर्धे उठले आणि कडाडले, "काहीतरीच काय! शिकल्यानं कुणाची जात आणि धर्म बदलतो होय?"

"हेच गावाला आपल्या तोंडून ऐकायचं होतं," मास्तर म्हणाले. "पोरांना उद्या पाटी देऊन पाठवा. मी घरी जाऊन जेवतो."