पाणाड्याचा नारळ

एकदा काय झालं, एका गावाचं पाणीच आटलं. त्या गावात म्हाळोजी पाणाड्या राहायचा. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा, बरं का. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा नि अनवाणी चालायचं. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. बापानं शिकवलेलं, म्हाळोजीनं कधी तपासून पाहिलं नाही.

मग नारळ माळावर उभा राहिला. गावानं विहीर खणली, तर नुसती धूळ. म्हाळोजी म्हणाला, खणणारेच आळशी. मग वडाखाली उभा राहिला. तिथं खडक लागला. म्हणाला, कुणीतरी चप्पल घालून आलं. मग देवळामागं. तिथं ओलसुद्धा नाही. म्हाळोजीनं बायकोला, ठकूला, बोल लावला, तू मध्येच शिंकलीस. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

दर विहिरीमागं थोडी थोडी माणसं गाव सोडून गेली. शेवटी म्हाळोजीचा लेकही गाडी भरू लागला. सुनेच्या कडेवर तान्ही नात. म्हाळोजीनं नारळ हातात घेतला. त्यानं नारळाला विचारलं, खरं सांग, पाणी कुठं?

आणि काय नवल, नारळ बोलला.

"मला एकच पाणी ठाऊक, माझ्या पोटातलं. उभं मला तुझा हात करतो."

म्हाळोजी चिडला. डोळ्यांना फडकं बांधलं नि ठकूला म्हणाला, त्याच तिन्ही जागी ने मला. तिन्ही जागी नारळ आडवाच. ठकू जागा न सांगता पुढं नेत राहिली, मग एकदाचा उभा राहिला. म्हाळोजीला वाटलं, वड आला. फडकं सोडून बघतो, तर स्वतःचीच ओसरी.

मग तो खूप रडला. बापाला खोटं म्हणवेना, खरंही म्हणवेना.

मग धावत वेशीवर गेला. निघालेल्यांपुढं हात जोडले.

"मला पाणी कळत नाही. कधीच कळत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला काही ठाऊक आहे का?"

कुणी थांबेना. लेकाची गाडी मान न वळवता गेली. शेळ्या राखणारी म्हातारी धोंडाई तेवढी थांबली. म्हणाली, उतारावरचा एक दगड माझ्या शेळ्या रोज पहाटे चाटतात. मला कुणी विचारलंच नाही.

मागं राहिलेल्यांनी तिथं खणलं. पाणी लागलं, पण थोडंसं. सात घरांपुरतं. लेकाला निरोप धाडले, तो आला नाही.

ती सात घरं सुखानं नांदली. बाकीची दारं बंदच राहिली.

चला, पाय पोटाशी घ्या. नात पुढं कुठं गेली? ते मला ठाऊक नाही गं. खरंच नाही. झोप आता.